लग्नाच्या मांडवातलं नेत्रशिबिर

आमच्या क्लबच्या इतिहासात रुग्णांपेक्षा डॉक्टर जास्त असलेलं नेत्रतपासणी शिबिर एकदाच झालं, आणि त्या वर्षी अध्यक्ष मी होतो.

क्लब आमचा विश्रांतवाडीचा. दर मंगळवारी जमतो, समाजसेवेवर चर्चा करतो आणि बटाटेवडे संपले की उठतो. (कामंही होतात. वड्यांचा विषय फक्त विरोधक काढतात.) डेन्मार्कमधल्या एका क्लबशी आमची जुनी मैत्री. तिथले डॉ. येन्स स्वतः डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही क्लबांनी मिळून डोळे तपासणारी एक फिरती गाडी घ्यावी, ही कल्पना त्यांचीच. फक्त त्याआधी ते बायकोला, कारेनबाईंना, घेऊन पुण्याला येणार, आमचं एक शिबिर बघणार आणि परत जाऊन होकार किंवा नकार कळवणार. ती गाडी मला मनापासून हवी होती. लांबच्या वस्तीतल्या आजीआजोबांना डोळे दाखवायला दोन दोन बस बदलाव्या लागू नयेत म्हणून; आणि गाडीच्या पाटीवर अध्यक्षांचं नाव येतं म्हणूनही.

शिबिर मांजरीच्या बाजूला, एका शाळेत घ्यायचं ठरलं. "अहो, तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडर नीट बघा," स्वयंपाकघरातून सरिता ओरडली. सरिता म्हणजे माझी बायको. मी बाणेदारपणे भिंतीसमोर उभा राहिलो, कॅलेंडर बघितलं आणि जाहीर केलं, "रविवार. कोरा करकरीत!"

दोन दिवसांनी कळलं की माझा मेहुणा दिलीप याच्या साहेबांच्या मुलीचं लग्नही त्याच रविवारी, हडपसरला आहे. लोक माझ्या शिबिराच्या दिवशीच लग्नं का ठेवतात, असा प्रश्न मी घरात विचारला. सरितानं नुसतं कॅलेंडरकडे बोट दाखवलं. शेवटी घरच्यांनी लग्नाला जायचं आणि मी शिबिराला, असं ठरलं.

रविवारी शाळेत सगळं सज्ज होतं. मांडव होता, फलक होता, आमच्या डॉक्टरांची फौज होती, केळी होती. रुग्ण मात्र नव्हते. चिटपाखरू नव्हतं! तेवढ्यात गावातले आमचे मदतनीस बाळासाहेब आले. डोक्याला फेटा, अंगात कडक इस्त्रीचा सदरा.

"साहेब, आज कुनी न्हाई यायचं. लग्नाची तिथ लई मोठी हाय. समदं गाव सरपंचाच्या पोरीच्या लग्नाला गेलंय."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"म्हनलं, शिकलीसवरली मान्सं, क्यालेंडर बगूनच तारीख धरली आसंल!"

पाहुणे अर्ध्या तासात पोचणार होते. माझ्या डोळ्यांसमोरून ती गाडी रिकामीच निघून गेली. पण अध्यक्ष म्हणजे काही डगमगणारा माणूस नव्हे. मी सरिताला फोन लावला. "सगळे लगेच इकडे या."

"अहो, आम्ही लग्नाच्या वाटेवर आहोत!"

"डोळे बरोबर आहेत ना? मग या!"

आणि डॉ. येन्स मांडवात शिरले तेव्हा त्यांना गरजू रुग्णांची रांग दिसली. पहिल्या खुर्चीवर माझ्या सासूबाई, पैठणी आणि नथीत. शेजारी सरिता, केसांत गजरा. तिसरा दिलीप, सोनेरी जरीच्या शेरवानीत. कारेनबाई हरखून फोटो काढू लागल्या.

"तुमचे रुग्ण फार छान कपडे घालतात," येन्स म्हणाले.

"आमच्याकडे डोळे तपासणं हा सण असतो!" मी म्हणालो. (मला असं बोलायला कुठून सुचतं, हे मलाच कळत नाही.)

दिलीपला तपासून झाल्यावर मी त्याला मागच्या दारानं नेलं, शेरवानी काढली, बाळासाहेबांचा फेटा चढवला आणि पुन्हा रांगेत बसवला. "भावजी, माझे डोळे आत्ताच चांगले निघालेत," तो कुरकुरला. मी म्हटलं, "परत निघतील. बस!"

तोवर येन्स सासूबाईंसमोर स्टूल ओढून बसले होते. आजी कुठे राहतात, रोज काय करतात, त्यांनी मला विचारलं.

"मळ्यात राहतात," मी ठोकून दिलं. "शेळ्या राखतात."

सासूबाईंनी नथ सावरली. इथे सांगायला हवं की सासूबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, आणि शिकवायच्या इंग्रजी. स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहते. राखायला माझ्याकडे हे एकटे जावई आहेत. आणि तो फेटेवाला माझा मुलगा आहे. त्याला तुम्ही दुसऱ्यांदा तपासू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी गेली, मैत्री गेली, आणि रात्री जेवायला सासूबाईंसमोरच बसायचं होतं!

येन्सनी माझ्याकडे पाहिलं. "मग खरे रुग्ण कुठे आहेत?"

"लग्नाला," मी पुटपुटलो.

"सगळे? एकाच ठिकाणी?"

"व्हय," बाळासाहेबांना तेवढं इंग्रजी समजलं असावं. "जेवनं झाली की सावलीत बसूनच आस्त्यात. चला की मग!"

आणि आम्ही गेलो! टेबलं, उपकरणं, अक्षरांचा तक्ता, सगळं टेम्पोत घालून. सरपंचांनी पाहुण्यांना फेटे बांधले, आग्रहानं जिलबी वाढली आणि मांडवाचा एक कोपरा मोकळा करून दिला. पण पहिलं कोण बसणार? जो तो दुसऱ्याला पुढे ढकलत होता.

"अध्यक्षांपासून करा," सरिता म्हणाली. "म्हणजे लोकांची भीड चेपेल."

मी ऐटीत बसलो. वरचं भलंमोठं अक्षर वाचलं, दुसरी ओळही वाचली. तिसरी ओळ मी अतिशय आत्मविश्वासानं म्हटली. सगळं वऱ्हाड हसायला लागलं, कारण मी म्हटलेली अक्षरं तक्त्यावर नव्हतीच. येन्सनी दोन्ही डोळे बराच वेळ बघितले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोतीबिंदू. दोन्हीकडे. तुम्हाला इतके दिवस दिसत कसं होतं?"

"अंदाजानं," सरिता म्हणाली. "कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत मी तीन लग्नं लिहून ठेवली होती. हे म्हणाले, कोरा करकरीत! आता घरी जाताना स्कूटरची किल्ली माझ्याकडे द्या."

मग मात्र रांग लागली. अध्यक्षांनाच दिसत नाही म्हटल्यावर कोणाला कसली लाज? नवरदेवाच्या आजोबांपासून आचाऱ्यापर्यंत सगळे बसले. येन्स संध्याकाळपर्यंत फेटा न काढता तपासत होते. निघताना म्हणाले, लोक जिथे असतील तिथे जायचं, हेच तर गाडीचं काम. त्यांच्या क्लबचा होकार आला आणि मला खरोखर रडू आलं. (मोतीबिंदूमुळे नव्हे.)

गाडी आली. पाटीवर नाव मात्र नव्या अध्यक्षांचं, कारण तोवर माझं वर्ष संपलं होतं. पण फोटो माझा आहे! डोळ्यावर पट्टी बांधलेला, गाडीच्या अख्ख्या बाजूवर, आणि खाली लिहिलंय: 'आमचे पहिले लाभार्थी'. ऑपरेशन इतकं उत्तम झालंय की गाडी चौकात वळली तरी मला तो गच्चीवरून स्पष्ट दिसतो.