सगळीकडे दहा

दोन हजार दहाचं दशक सरत आलं होतं. नांदेडला कॉम्प्युटर शिकून मी हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यात संगणक सांभाळायला लागलो. जिन्याखालच्या खोलीत एकच मोठं मशीन होतं आणि त्याच्या पोटात केसपेपर, औषधं, रक्ताचे रिपोर्ट अशी वेगवेगळी आभासी, म्हणजे नुसती सॉफ्टवेअरमधली, मशीनं चालायची. खोलीला फिनेल आणि मेलेल्या उंदराचा वास. त्याची सवय झाली. मॅनेजरची झाली नाही.

रिपोर्टाचं मशीन सारखं अडकायचं. एकदा हट्टा गावाहून एक म्हातारा गरोदर सुनेला घेऊन आला. सकाळी तिचं रक्त घेतलं, पण रिपोर्ट काही उघडेना. मॅनेजर नर्सला म्हणाला, "पुन्हा घ्या."

"काहून साहेब?" म्हातारा म्हणाला. "सकाळीच तर घेतलं. पोटुशी हाय ती."

"सिस्टीम स्लो आहे, सकाळचा रिपोर्ट अडकून गेला. घाई असेल तर दुसरीकडं जा."

सुनेनं दुसरा हात पुढं केला. मॅनेजरनं पावतीही नवी फाडली.

त्या दुपारी मी सेटिंग उघडून बसलो. मशीनमध्ये दोन प्रोसेसर, प्रत्येकाशेजारी त्याची त्याची मेमरी. शेजारची लवकर हाती लागते, पलीकडची उशिरा. हे अंतर आभासी मशीनला आकड्यांत सांगावं लागतं: आपली दहा, पलीकडची वीस. बसवून गेलेल्या इंजिनिअरनं सगळीकडे दहाच लिहिलं होतं. रिपोर्टाच्या मशीनला सगळंच जवळ वाटायचं आणि ते खुशाल पलीकडची मेमरी वापरत बसायचं.

मी मॅनेजरला सांगितलं.

"मालूम आहे मला," तो म्हणाला. "हात लावू नको. नवीन मशीन मंजूर होऊन राहिलंय. हे नीट चाललं तर ते कोण घेईल? अन् माझं कमिशन?"

"आणि लोकांना दोनदोनदा टोचायचं?"

"रक्तच आहे. पुन्हा तयार होतं." त्यानं गुटख्याची पिचकारी कुंडीत मारली.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेल्यावर लॅबमध्ये सांगून मी रिपोर्टाचं मशीन बंद केलं, पलीकडच्या दहाचे वीस केले आणि पुन्हा चालू केलं. रिपोर्ट झरझर उघडू लागले.

"आता कसं बराबर चालून राहिलं!" लॅबमधली बाई म्हणाली.

मालक डॉक्टरांनी हे त्याचंच काम समजून मॅनेजरची पाठ थोपटली. त्यानं पेढे वाटले. गुटख्यानं लाल झालेल्या बोटांनी एक माझ्याही हातावर ठेवला. मी तो मोरीत टाकला आणि साबणानं हात धुतले.

नवं मशीन तरीही आलंच. खोकं न फोडता ते जिन्याखाली सारून ठेवलं. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली.