जयसिंग कांबळेच्या दहा खुंट्या

जयसिंग कांबळेला आवाजातलं कळत नाही, असं म्हणायची आमच्या वस्तीत कुणाची छाती नव्हती. मी म्हणालो. आजही ते आठवलं की मला लाज वाटते, कारण माझं बरोबर होतं आणि तरीही मी चुकलो होतो.

जयसिंग शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला होता. साच्यातून निघालेल्या लोखंडी मालाच्या कडा ग्राइंडरवर घासायचं काम. आठ तास कानाशी ते चाक किंचाळायचं. कानात कापूस घातला तर सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही आणि शिव्या बसतात, म्हणून कुणी कापूस घालत नसे. रविवारी मात्र हाच माणूस आमच्या बुद्धविहाराचा साऊंडवाला. जुना अँप्लिफायर, दोन स्पीकरच्या पेट्या, एक माईक आणि त्याच्या जिवाचा तुकडा म्हणजे इक्वलायझर. त्यावर दहा सरकत्या खुंट्या. डावीकडच्या ढोलकीच्या, मधल्या माणसाच्या बोलण्याच्या, उजवीकडच्या झांज-घुंगराच्या बारीक आवाजाच्या. वर सरकवली की तो आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो. वंदना सुरू होण्याआधी जयसिंग त्या खुंट्यांवर असा वाकायचा की जेवायला हाक मारली तरी मान वर करायचा नाही. विहाराकडून त्यानं कधी चहादेखील मागून घेतला नाही.

पण वर्षागणिक त्याच्या उजवीकडच्या खुंट्या वर चढायला लागल्या. पंचाण्णव साल उजाडेपर्यंत शेवटच्या तीन पार टोकाला भिडल्या. वंदना सुरू झाली की बायका पदर कानावर घ्यायच्या आणि तान्ही पोरं भोकाड पसरायची. निवेदन करायला मी असायचो. माझाच आवाज मला पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा लागायचा.

एकदा न राहवून मी म्हणालो, "जयसिंगराव, आवाज टोचतोय हो."

"मास्तर, तुमच्या कानात खडूची धूळ गेलीया," तो म्हणाला. "आवाज कसा खणखणीत हाय की!"

मी शाळामास्तर. मला उलट बोललेलं सहन होत नाही. मी तडक विहार कमिटीच्या आण्णांकडे गेलो. आण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तिकीट फाडावं तसा निकाल दिला. "येत्या बुद्धपौर्णिमेला आवाज सुधरला तर ठीक. न्हाय तर पुढच्या टायमापासनं शाहूपुरीतला भाड्याचा सेट आणायचा."

ही शहाण्णवची गोष्ट. त्या बुद्धपौर्णिमेला जयसिंगची पोरगी संघप्रिया पहिल्यांदा माईकवर गाणार होती. आठ वर्षांची, गाणं मी लिहिलेलं. जयसिंगला निरोप कळला तेव्हा तो भर रस्त्यात ओरडला, "आज माझी मशीन काढत्यात, उद्या मलाच काढतील! पोरगी माझी गाणार आन् आवाज दुसरा कोण सांभाळणार? ह्या जल्मात न्हाय!"

पोरीसाठी त्यानं हुपरीहून चांदीचे पैंजण आणले. भरगच्च घुंगरांचे. ती घरभर नाचली आणि याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही घुंगरं वाजंनात की गं."

"वाजत्यात की! अख्ख्या गल्लीला कळलंय," शेवंताबाई, त्याची बायको, म्हणाली.

आता शेवंताबाईचं माहेर हुपरीचं. जयसिंगनं ठरवलं की ही माहेरच्या कारागिराची बाजू घेतीया. कारागिरानं मुकी घुंगरं गळ्यात मारली आणि बायको पांघरूण घालतीया. त्यानं पैंजण रुमालात बांधले आणि साक्षीदार म्हणून मला ओढत हुपरीच्या गाडीत बसवलं. माझ्यावर राग होता, पण भांडायला शिकलेला माणूस सोबत असलेला बरा, असा त्याचा हिशेब.

नृसिंह नावाचा तो कारागीर घराच्या पुढच्या सोप्यातच काम करायचा. जयसिंगनं रुमाल त्याच्यापुढं आपटला. "मुकं पैंजण इकतोस व्हय रं?"

नृसिंहानं पैंजण उचलून कानाशी हलवले. मग जयसिंगकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पावणं, वाजतंय की."

"कुठं वाजतंय? हलीव अजून!"

त्यानं जोरात हलवले. तेवढ्यात आतल्या स्वयंपाकघरातून त्याची म्हातारी आई हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यात उभी राहून इकडंतिकडं बघत म्हणाली, "ल्हान पोरगी आलीया व्हय कुणाची? गूळ देते, थांब."

सोप्यात पोरगी नव्हती. होते ते आम्ही दोन बाप्ये.

जयसिंग त्या म्हातारीकडं बघतच राहिला. नृसिंहाच्या हातात पैंजण अजून हलत होते. जयसिंगनं ते काढून घेतले, रुमालात बांधले आणि बाहेर पडला. माफी नाही, रामराम नाही.

परतीच्या गाडीत उचगाव आलं. तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, तुमी खरं बोलत हुता. माझं कान गेल्यात."

मी म्हणालो, "मी आण्णांना सांगतो..."

"काय सांगू नका. पौर्णिमेला मशीन मीच लावणार. कान माझं गेल्यात, हात न्हाय गेलं."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या त्यानं विहारात सेट मांडला. माईकवर पोरगी, पार मागच्या भिंतीशी शेवंताबाई. टोचलं तर तिनं हात खाली करायचा, दबलं तर वर. एकेक खुंटी तो केसभर सरकवायचा आणि बायकोच्या हाताकडं बघायचा. शेवंताबाई निरक्षर, पण तिचा कान सोनाराच्या काट्यासारखा. "आवं, थोडं खाली... लई झालं... हां, आता पोरगी पोरगीसारखी वाटतीया." जिथं हात थांबला तिथं जयसिंगनं लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. असे दहा ठिपके पडायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस तेच गाणं ऐकून मला माझ्याच कवितेचा वीट आला.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहार गच्च भरला. संघप्रिया पैंजण घालून उभी राहिली, पायानं ठेका धरला आणि गायली. एकाही बाईचा पदर कानाकडं गेला नाही. मागं बसलेले आण्णा मान डोलवत होते. गाणं संपलं तसा मी जयसिंगकडं धावलो.

"कसा हाय आवाज?" त्यानं विचारलं.

"एक नंबर!"

"मला गोधडीतनं आल्यागत लागतोय," तो म्हणाला. "पोरीचं बोल बी नीट कळंनात. बोट शिवशिवतंय, वर ढकलावं म्हणून." त्यानं हात पाठीमागं बांधून घेतले. "पर लोकास्नी ग्वाड लागतंय न्हवं? मग असू द्या."

पुढची तेरा वर्षं त्यानं विहाराचा आवाज सांभाळला. शाहूपुरीचा सेट कधी आला नाही. मशीन बदललं की नवे ठिपके, आणि भिंतीशी शेवंताबाई. जो आवाज आम्हाला गोड लागायचा तो त्याला एकदाही नीट ऐकू आला नाही. मी फार माणसांना मोठं म्हणत नाही. ह्याला म्हणतो.

दोन हजार नऊ साली संघप्रियाला पुण्यात कॉम्प्युटरवरची नोकरी लागली. सुटीला आली तेव्हा पगारातून बापासाठी बिनतारी हेडफोन घेऊन आली. कानावर गच्च बसणारा, बाहेरचा गोंगाट मारून टाकणारा. मी तिथंच चहा पीत होतो. जयसिंगनं तो घातला आणि दचकून वर पाहिलं. "पंखा बंद केलाईस काय गं?" पंखा गरगरत होता.

तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर तशाच दहा खुंट्या. "पप्पा, हा आवाज फक्त तुमच्या कानात जातोय. कुणाला टोचणार नाही. लावा तुम्हाला हवं तसं."

जयसिंगनं आधी सवयीनं शेवंताबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? लावा की!"

त्यानं बोटानं उजवीकडच्या तीन खुंट्या पार टोकाला नेल्या. तेरा वर्षं आवरलेलं बोट होतं ते. संघप्रियानं शहाण्णवच्या बुद्धपौर्णिमेची कॅसेट लॅपटॉपवर उतरवून आणली होती. ती तिनं लावली.

मला राहवेना. मी हेडफोन क्षणभर मागून घेतला, कानाला लावला आणि झटकन काढला. कानात सुया टोचाव्यात तसं झालं. जयसिंगनं तो माझ्या हातातून ओढून पुन्हा घातला आणि डोळे मिटले. गाणं संपलं तसं त्यानं खुणेनं पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याचा पाय पोरीच्या पैंजणांच्या ठेक्यावर हलायला लागला.

हेडफोन न काढताच तो मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, उद्या माझ्याबरोबर हुपरीला चला. त्या नृसिंहाला सांगायचं ऱ्हायलंय. वाजतंय म्हणून."