अंगठ्यानं दिलेली उत्तरं

"वहिनी, हिला माहेरी धाडा. चालायला लागली की आणू परत."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. ते स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता, सासऱ्यांच्या बहिणीनं माझ्या सासूबाईंना ऐकवलं. मी पलीकडच्या खोलीत, ऑपरेशन झालेला पाय उशीवर ठेवून पडलेली. टाच मोडली होती, कान शाबूत होते.

आता माझा गाढवपणा काय सांगू तुम्हाला. लग्नाला चार महिने. वेरूळला जोडीनं दर्शनाला गेलो, पायरी चुकली, उंचावरून टाचेवरच आदळले. आत प्लेट बसली, स्क्रू बसले. यात माझा काय दोष? पण बिघडलेला मिक्सर दुकानात परत नेतात, तशी मी माहेरी, देवगाव रंगारीला परत जाणार. गाव काय म्हणेल? मी ठरवलं, काही झालं तरी जायचं नाही.

आत्याबाई लासूरहून दोन दिवसांसाठी मला 'बघायला' आल्या होत्या. त्याला बारा दिवस झाले. रोज खुर्ची टाकून माझ्यासमोर बसायच्या.

"आमच्या वक्ताला कुठलं आलं ऑपरेशन? हळद लावायची अन् कामाला लागायचं."

फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिला होता: पायाच्या अंगठ्यानं वाळूत अक्षरं काढायची. नवऱ्यानं जुन्या पेटीच्या झाकणात वाळू भरून दिली. क, ख, ग दोन दिवसांत संपलं. मग मी आत्याबाईंना उत्तरं द्यायला लागले. तोंडानं "हो, आत्याबाई", अंगठ्यानं "थापा". लिहायचं, पुसायचं. घोटा इतका मोकळा झाला की मॅडमनी शाबासकी दिली.

त्या दिवशी सासूबाई चहा घेऊन आल्या, तर आत्याबाई माझ्यादेखत म्हणाल्या, "हिच्या पायात काय नाय, वहिनी. हिच्या मनातच चालायचं नाय."

मी शांतपणे, मोठ्या अक्षरांत लिहिलं: तुम्ही घरी कधी जाणार?

आजवर बोलण्याच्या नादात त्यांनी खाली पाहिलं नव्हतं. आज वाकल्या. वाकू देत, त्यांच्या बाजूनं सगळं उलटंच दिसणार! पण या बाईंनी जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळला होता. पोरांच्या पाट्या समोरून, उलट्याच वाचलेल्या.

"तुम्ही घरी कधी जाणार," त्यांनी खणखणीत वाचलं. "मला इचारती का गं?"

सासूबाई कपबशी धरून तशाच उभ्या. बारा दिवसांची सगळी उत्तरं माझ्या अंगठ्यात होती, तोंडात एकही नाही. तरी उघडलं.

"व्हय, आत्याबाई. म्हणजे तुमच्यासंगंच माहेरी निघते. लासूरहून देवगाव लई जवळ पडतं."