एकाच डीपीवरच्या काटकसरी मोटरी

वाचवलेलं प्रत्येक युनिट म्हणजे राष्ट्राच्या चरणी वाहिलेलं फूल होय. हे वाक्य माझंच. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर गावच्या सभेत ते म्हटलं, टाळ्या घेतल्या आणि त्या भरात थोरल्या भावाला जुनी मोटर काढून कमी वीज खाणारी बसवायला लावली.

मोटर खरंच चांगली निघाली. पाणी तेवढंच, वीज कमी. दादा खूश झाला. "कमी वीज खास ना? मंग आखो एक बठाडू." दुसरा बोअर झाला, दुसरी मोटर आली आणि कोरडवाहू तुकड्यात पपई लावायचं ठरलं. शेजाऱ्यांनीही बांधावरून बघून तेच केलं.

या सगळ्यांना वीज पुरवणारी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मात्र तीच, म्हसावदच्या रस्त्याला बाभळीखाली उभी. इकडे प्रत्येकाच्या मोटरच्या पेटीत ऑटो असतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू. तो कोणी काढत नाही, कारण आपण चालत जाऊन बटण दाबेपर्यंत शेजारी पाणी ओढून घेईल, अशी प्रत्येकाची खात्री. मार्चमधल्या एका सकाळी वीज आली, सगळ्या मोटरी एका दमात उठल्या आणि डीपी जळाली.

पपईची रोपं लावून जेमतेम आठवडा झाला होता. दुपारपर्यंत पानांनी माना टाकल्या. मी बांधापासून डीपीपर्यंत खेपा घालू लागलो, वायरमनला फोन लावायचो, उचलला तर काय विचारायचं ते विसरायचो. दादा निंबाखाली बसून होता.

"मास्तर, तू फिरीफिरी पाणी काढशी का?"

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. वर बघून म्हणाला, "काका, डीपी जुनीच शे, मोटरी दुप्पट व्हई ग्यात." नवी येईल तेव्हा येईल, तोवर निदान ऑटो काढून ठेवा, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

मी लगेच दुजोरा दिला. शेजारी हसला. "पहिले तुन्हा दादाना काढ."

मी दादाकडे पाहिलं. दादा पपईकडे बघत होता.

चार दिवसांनी मोठी डीपी बसली. तोवर निम्मी रोपं वाळून गेली होती. ऑटो कोणीच काढला नव्हता. दादाने रिकाम्या जागी नवी रोपं लावली आणि मोठ्या डीपीवर जागा आहे म्हणून तिसऱ्या बोअरची गाडी सांगून ठेवली. ती सोमवारी येते आहे.