कोट बाकावर राहिला, सासूबाई हॉटेलात पोहोचल्या

मी पॅथॉलॉजिस्ट. निवृत्त होईपर्यंत माझा निम्मा जन्म हॉस्पिटलच्या तळघरात, शवागाराशेजारच्या खोलीत गेला. भुतंखेतं असती तर सगळ्यांच्या आधी मला भेटली असती, असं मी पार्ट्यांमध्ये हसत सांगायचे. इथले अनुभव वाचतानाही 'शुगर लो झाली असेल', 'झोप कमी पडली असेल' अशी निदानं मनातल्या मनात चालूच असतात. तरीही आज लिहायला बसलेय... कारण या एका केसचं निदान मला अजून जमलेलं नाही.

१९८५चा जानेवारी. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये कलामझूला राहत होतो. नवरा, सुधीर, कॉन्फरन्ससाठी दोन दिवस आधीच शिकागोला गेला होता. सासूबाई (मी त्यांना आईच म्हणायचे) साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वय चौसष्ट, डायबेटिस, रोज सकाळी इन्सुलिन. इंग्रजी दोनच वाक्यांचं - 'थँक्यू' आणि 'नो मीट'. त्यांना शिकागोतला देशी दुकानांचा रस्ता, डेव्हन ॲव्हेन्यू, दाखवायचा म्हणून शुक्रवारी आम्ही दोघी ट्रेनने निघालो.

सुधीरने जाताना एक शहाणपणा केला होता. आई कुठे चुकली तर असावी म्हणून हॉटेलच्या नाव-पत्त्याची चिठ्ठी लिहून ठेवली, पदराला पिनने लावायला. आणि ती लिहिली मराठीत! का, तर आईला वाचता यावी. इंजिनिअरचं डोकं, दुसरं काय. पण त्याला नावं ठेवणारी मी तरी कोण... पिन मीच लावली, आणि शिकागोत ही चिठ्ठी वाचणार कोण, हे माझ्याही लक्षात आलं नाही.

दुपारी एकच्या सुमारास युनियन स्टेशनवर उतरलो. बाहेर असली थंडी, की उघडी कातडी दहा मिनिटांत गोठेल असं रेडिओवर सांगत होते. मोठ्या हॉलमध्ये लाकडी बाकावर आईंना बसवलं. आत उकडतंय म्हणत त्यांनी कोट काढून शेजारी ठेवला.

"आई, मी हॉटेलला फोन करून येते. इथून हलू नका हं."

"मी कुठे जातेय बाई! तू ये सावकाश."

फोनवरचा क्लार्क म्हणाला, "मॅम, आमचा बॉयलर बंद पडलाय. सगळ्या गेस्टना दुसऱ्या हॉटेलात हलवलंय." नवं नाव आणि पत्ता मी पेनाने तळहातावर लिहून घेतला. दहा मिनिटांत परत आले. बाकावर बॅग होती, कोट होता. आई नव्हत्या.

आधी बाथरूम पाहिली. मग सगळा हॉल, खाण्याचे स्टॉल, प्लॅटफॉर्मची दारं. सकाळी इन्सुलिन दिलेलं, आणि जेवणाचा डबा अजून बॅगेतच. हॉटेलवर जाऊन निवांत खाऊ, असं मीच म्हटलं होतं. शुगर उतरली तर बाई रस्त्यात बसेल, आणि त्या थंडीत नुसत्या साडीवर बसलेली बाई किती वेळ टिकते हे मला नको इतकं नीट माहीत होतं.

स्टेशनवरच्या पोलिसाने विचारलं, "इंग्लिश येतं त्यांना?"

"नो."

"जवळ काही लिहिलेलं?"

"चिठ्ठी आहे. आमच्या लिपीत."

त्याने आईंचं वर्णन लिहून घेतलं. मग म्हणाला, "इथे आम्ही शोधतो. तुम्ही हॉटेलला जाऊन बघा."

टॅक्सीने आधी चिठ्ठीतल्या हॉटेलवर गेले. दाराला कुलूप, काचेवर 'बंद' एवढीच पाटी, फुटपाथवर चिटपाखरू नाही. देव न मानणारी मी, टॅक्सीत हात जोडून बसले होते. आता सुधीरला काय तोंड दाखवू, या विचारात नव्या हॉटेलात शिरले.

लॉबीत सोफ्यावर मांडी घालून आई दूध पीत होत्या.

"अगं, किती उशीर! जीव टांगणीला लागला माझा."

मी आधी त्यांची बोटं पाहिली, मग कानाच्या पाळ्या, मग मोजे काढून पाय. सगळं उबदार. नंतर खोलीत पट्टी लावून शुगर पाहिली, तीही नॉर्मल. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, अर्ध्या तासापूर्वी एकट्याच आत आल्या, थँक्यू म्हणाल्या आणि बसल्या.

"कोणी आणलं तुम्हाला?"

"ती बाई. तूच पाठवलीस ना? म्हणाली, चल, बॅग राहू दे, सून आणेल."

"कुठल्या भाषेत म्हणाली?"

"भाषा... ते नाही गं आठवत. कळत होतं मला."

"गोरी होती का काळी?"

"चेहरा नाही बाई सांगता यायचा. हात धरला होता तिनं. खरखरीत हात, भांडी घासणाऱ्या बाईचा असतो ना, तसा. पुलावरून आणलं, दारापाशी सोडलं. थंडी म्हणून वाजली नाही."

माझा आवाज चढला. "अनोळखी बाईबरोबर निघालात? मला न सांगता?"

"अनोळखी कशी? नावानं हाक मारली की तिनं. 'यमू, चल' म्हणाली."

सुधीर तेवढ्यात खाली आला होता. त्याने विचारलं, "यमू कोण, आई?"

आईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मी."

पासपोर्टवर सुशीला, घरात सुशीला, पत्रांवर सुशीला. चौदाव्या वर्षी लग्न झालं, ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, आणि यमुना माहेरापुरती उरली. मग माहेरही सरलं. "दादा गेला, त्यानंतर कुणी त्या नावानं हाक मारली नाही. चाळीस वर्षं होतील. मग काय... उठलेच," त्या म्हणाल्या, आणि लॉबीत सगळ्यांसमोर रडल्या.

मी खूप डोकं चालवलं. समजा, कुणी मराठी बाई भेटली, तिने चिठ्ठी वाचली. पण चिठ्ठीत नाव जुन्या हॉटेलचं होतं. नवं नाव माझ्या तळहातावर, तेही तेव्हा नुकतंच लिहिलेलं. समजा, आई भ्रमात चालत सुटल्या आणि योगायोगाने तिथेच शिरल्या. मग बोटं गोठायला हवी होती. आणि यमू?

तोवर सहा वर्षं मी त्यांची सून होते. त्यांची शुगर, चपलेचं माप, चहा किती उकळायचा, सगळं मला तोंडपाठ. माहेरचं नाव मात्र कधी विचारायचं सुचलं नाही, ना मला, ना त्यांच्या पोटच्या मुलाला. ते त्या परक्या शहरात कुणाला तरी ठाऊक होतं. कुणाला, ते मला आजही सांगता येत नाही. आठवलं की अंगावर काटा येतो... पण भीती कधीच वाटली नाही, वाटते ती लाज.