जावळाची घोंगडी

माझ्या बापाच्या हाताचं कौतुक कुणी माझ्यापुढे करू नये. ते ऐकतच मी लहानाची मोठी झाले. सोलापुरात आमच्या गल्लीत घरोघरी घोंगडीचे माग होते, तरी बार्शीचे व्यापारी नेमकं आमचंच दार विचारत यायचे. घोंगडी उन्हाकडे धरायचे, चाचपायचे आणि म्हणायचे, "काय हात हाय हो!" आप्पा मान खाली घालून हसायचे. त्या हसण्यानंच आमच्या घराचा घात केला. लोकांना विणलेली घोंगडी दिसायची. उसवलेली फक्त आईला आणि मला दिसायची.

आईनं कातलेला लोकरीचा धागा आप्पा चिमटीतून ओढून बघत. कुठं जरा जाड लागला की तोडून अंगणात फेकत. खाटेचा पाय नीट टेकला नाही तर ताट बाजूला सारून आधी खाट सरळ करत. शेंगाची चटणी जाडसर राहिली तर आईनं ती पुन्हा कुटायची, आणि तोवर सगळ्यांनी भाकरीकडे बघत बसायचं. आई म्हणायची, "खरं हाय तुमचं," आणि मुसळ उचलायची. आप्पांपेक्षा जास्त राग मला त्या "खरं हाय"चा यायचा. काय खरं होतं त्यात? पोटात भूक होती ते खरं होतं.

मला वैरागजवळच्या गावात दिली होती. घर शेतीचं, माणसं बरी, बोलायला थोडी फटकळ. पहिल्या बाळंतपणाला मी रिवाजाप्रमाणे माहेरी आले आणि मुलगी झाली. आमच्यात लेक पहिलं मूल घेऊन सासरी निघाली की बरोबर जावळाची घोंगडी द्यायची. जावळ म्हणजे कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर. तिच्याइतकी मऊ लोकर पुन्हा त्या जनावराच्या अंगावर येत नाही. ही घोंगडी विकायची नसते, तिच्यावर पोर झोपवायचं असतं. साधी गोष्ट. पण आप्पांनी ठरवलं, अशी घोंगडी साऱ्या जिल्ह्यात झाली नसेल अशी करायची. मी तेव्हाच ओळखलं, आता आपली काही खैर नाही.

काळी लोकर म्हणतात, पण उन्हानं तिची टोकं तांबूस होतात. विणताना एखादा तांबूस धागा मध्ये यायचाच. आप्पांना तो खड्ड्यातल्या मागावर बसल्या बसल्या दिसायचा आणि आडवा धागा नेणारा धोटा थांबायचा. मग तिथपर्यंत सगळं उसवायचं. उसवलेला लोकरीचा धागा मात्र पहिल्यासारखा राहत नाही. त्याची लव निघते, तो बारीक होतो आणि पुन्हा विणला की तेवढा पट्टा विरळ दिसतो. मग विरळ दिसतो म्हणून पुन्हा उसवायचं. एवढा मोठा कारागीर, पण उसवल्यानंच घोंगडी बिघडते आहे हे त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी बोललेही. म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? पोर बघ जा."

पोर बघतच होते. पोर पालथी पडायला लागली तेव्हा घोंगडी हातभर होती. ती रांगायला लागली तेव्हाही हातभरच होती. थंडीचे दिवस आले. घोंगड्या विणणाऱ्याची नात, आणि निजायची आईच्या फाटक्या लुगड्याच्या घड्यांवर! घरात विकायच्या घोंगड्या रचून ठेवल्या होत्या, पण आप्पांचं म्हणणं, नात पहिल्यांदा अंग टाकणार ते ह्याच घोंगडीवर. शेजारच्या गल्लीत लुगडी विणणारं तेलुगू घर होतं. तिथली म्हातारी मला चिडवायची, "काय गं अम्मा, पोरगी चालत जानार काय तुज्या सासरला?" बाकीच्या बायका हसायच्या. मलाही हसू यायचं आणि मग घरात येऊन रडू फुटायचं.

संक्रांतीच्या आधी धाकटे दीर गाडी घेऊन आले. आप्पा मागावरूनच म्हणाले, "घोंगडी झाल्याबिगार लेक जायाची न्हाय." दीर आईच्या हातचा गूळ-पाणी घेऊन रिकामी गाडी परत घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "वैनी, घरात आई लई चिडलीया. परत मोकळी गाडी आली तर बोलणं व्हईल." बोलणं म्हणजे काय, ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या नात्यातल्या एकीला माहेरी जास्त दिवस राहिली म्हणून सासरच्यांनी पुन्हा नेलंच नव्हतं. ती भावाच्या घरात शेण काढत होती.

पुढच्या वेळी माझे मालक स्वतः आले. पोरगी त्यांच्याकडे गेली नाही, ओळखतच नव्हती. त्यांचा चेहरा उतरला. जेवणं झाली, बैल जुंपले, मी गाठोडं बांधून दारात उभी राहिले. आप्पा मागावर बसलेले. घोंगडी त्या दिवशी कशीबशी निम्म्यावर आली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी धोटा ठेवला आणि उसवायला हात घातला.

"पाव्हणं, आठ दिस थांबा," ते म्हणाले. "हितं जरा तांबूस आलंय."

माझे मालक पटका सावरत उठले. "मामा, मग ऱ्हाऊ द्या. ठेवा तुमची लेक आन तुमची घोंगडी."

ते रागानं बोलले होते, पण खोटं बोलले नव्हते. भिंतीला लोकर कातरायची कातर अडकवलेली असायची. पोरगी आईच्या हातात दिली, कातर घेतली आणि मागावर ताणलेले धागे मी कापत गेले. आमच्यात घोंगडी पुरी झाल्याशिवाय मागाला कातर लावत नाहीत, तो मोठा अपशकुन. असू दे अपशकुन. कातर बोथट होती, धागे चिवट होते. आप्पा खड्ड्यात पाय तसेच सोडून बसले होते.

"लोक काय म्हणतील?" ते म्हणाले.

"लोकांचीच घोंगडी विणा मग आता!" मी ओरडले. बापावर ओरडण्याची ती माझी पहिली वेळ. "ही माज्या लेकीची हाय."

मला वाटलं, आई आता "खरं हाय त्येंचं" म्हणणार. आईनं पोर माझ्याकडे दिली, खाली बसली आणि कापलेल्या टोकांना भराभर गाठी मारू लागली. आप्पांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "गाठी न्हाय मारल्या तर वाटंत उसवंल," एवढंच म्हणाली.

गाडीत पोरगी त्या तोकड्या घोंगडीवर वैरागपर्यंत झोपली. पोचण्याआधीच तिनं ती ओलीही केली. पुढे माझी सगळी मुलं त्याच घोंगडीवर वाढली. त्या मुलीच्याच पाटीवर मी नंतर अक्षरं गिरवायला शिकले. अजून वाकडी येतात. येऊ देत.

एकदा आप्पा वैरागच्या बाजाराला आले तेव्हा घरी आले. घोंगडी खाटेवर होती. त्यांचं बोट सरळ त्या तांबूस धाग्यावर गेलं. "दे, पुरी करून आनतो," म्हणाले. मी म्हटलं, "बसायचं तर बसा तिच्यावर. न्यायची न्हाय." ते बसले. भाकरी खाल्ली, चटणीला नावं ठेवली आणि गेले.

मग धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आलं. तिची पाठवणी करायला मी सोलापूरला गेले. तिच्या पोरीला धड मान धरता येत नव्हती आणि घोंगडी घडी घालून तयार! मी ती उलगडली. मधोमध तांबूस पट्टा, चांगला चार बोटं रुंद. मी आप्पांकडे बघितलं.

"आसू दे," ते म्हणाले. "पोराला काय कळतंय."

मला आनंद व्हायला हवा होता. पण अंगाची लाही लाही झाली. हे आधी म्हणाले असते तर माझ्या मालकांना दारातून "ठेवा तुमची लेक" म्हणावं लागलं नसतं. माझ्या पोरीला थंडीत चिंध्यांवर निजावं लागलं नसतं. बहीण माझा हात धरून म्हणाली, "आक्का, तुज्यामुळं मी लवकर चालले बग." मी घोंगडी तिच्या गाडीत टाकली आणि म्हटलं, "जा बाई झटदिशी. त्येंनी परत उसवायला मागायच्या आत जा."