रिकामी किटली

परवा प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने दुधाच्या पावडरचा डबा उघडला आणि त्या वासाने मी थेट माझ्या पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात जाऊन पडले. त्या वर्षी मी मायवर भयंकर चिडले होते. चिडायला मला कारण लागतंच असं नाही, पण तेव्हा होतं.

नंदुरबारच्या कॉलेजात मी रक्ताच्या पेशींमधलं एक प्रथिन शोधत होते. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसून कुठलं जनुक चालू नि कुठलं बंद ते ठरवणारा कारभारी. हजारो प्रथिनांच्या गर्दीत तो असतो चिमूटभर. त्याला हुडकायला मोनोक्लोनल अँटिबॉडी लागते, फक्त त्यालाच चिकटणारी. मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे सांजले आपली गाय आपलाच दारमा येस, तशी." इतकं सोपं मला पुढे वर्गातही कधी सांगता आलं नाही.

पण प्रथिनं उतरवलेल्या पातळ पडद्याच्या कोऱ्या जागेवरही अँटिबॉडी चिकटते. म्हणून पडदा आधी साय नसलेल्या दुधात भिजवायचा, की कोऱ्या जागा भरून निघतात आणि ते प्रथिन असेल तेवढ्याच जागी फोटोच्या फिल्मवर काळी पट्टी उमटते. आमची पावडर संपली होती, बाजारात मिळाली ती लहान बाळांची, साखर घातलेली. अँटिबॉडी दोन वेळेपुरतीच उरली होती. आणि माझ्या गाइड मॅडमनी बजावलं होतं, "पुढच्या शनिवारपर्यंत फिल्मवर पट्टी दिसली नाही तर विषय बदल." तीन वर्षं पाण्यात!

रविवारी आमच्या गावी, प्रकाशाला, घरी गेले तेव्हा बिनसायीच्या दुधाचं हे सगळं बोलले. मायला अपमानच वाटला. "घरमा दोन म्हशी शेतस आनि तू पुडीनं दूध वापरस?" सोमवारी एसटीच्या कंडक्टरकडून दुधाने भरलेली किटली आली. वर बोटभर साय. मी अतिशहाणी, साय चमच्याने बाजूला केली आणि पडदा भिजवला. फिल्म धुतली तर सगळी काळीकुट्ट, मध्ये तेलकट डाग. चूक माझी होती, पण राग निघाला मायवर. किटली विसळली आणि कंडक्टरच्या हातात दिली.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चार मिरच्या, मूठभर डाळ तरी टाकतात. मला हे माहीत नव्हतं थोडंच! पण तेव्हा डोकं ठिकाणावर कुठे होतं. संध्याकाळी मायचा फोन आला, "जमनं का वं?" मी म्हटलं, "जमनं, जमनं."

गुरुवारी, न मागता, पुन्हा किटली! आता हिला काय सांगावं, म्हणत झाकण उघडलं. आत पातळ, निळसर दूध, वर तुपकटपणाचा टिपूस नाही. पाहुण्याला बिनसायीचा चहासुद्धा न देणारी माझी माय, आणि हे दूध? तरी मी ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, उरलासुरला स्निग्धांश काढला. या वेळी अक्कल वापरून आधी कोरा तुकडा भिजवून पाहिला. स्वच्छ निघाला. मग देवाचं नाव घेऊन शेवटची अँटिबॉडी ओतली. शुक्रवारी फिल्मवर, हवी तिथेच, एक बारीक काळी पट्टी उमटली. मी अंधाऱ्या खोलीत एकटीच रडले.

मॅडम फिल्म बघून एवढंच म्हणाल्या, "लिहायला घे." त्या दिवशी किटलीत मी पेढे भरून पाठवले. मायने गावभर सांगितलं की तिच्या म्हशीच्या दुधाने पोरगी डॉक्टर झाली. पहिल्या दुधाचं मी तिला कधीच सांगितलं नाही. बिचारीला वाईट वाटेल, म्हणून.

ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो. मी सहज विचारलं, "माय, दुसऱ्या वेळी साय का गं काढलीस?"

तिने मान वर केली नाही. "पहिली किटली रिकामी उनी ना. तव्हयच समजनं, मन्ही सायनी तुन्हं काम बिघाडं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगं नई. तुले वाईट वाटतं, म्हनीसन."

ती किटली आता माझ्या टेबलावर असते. तिच्यात मी मूठभर मिरच्या ठेवते.